बुधवारचा वाडगा

मैत्रिणींनो, एक विचारू? तुम्ही हॉटेलात एकटीने बसून पोटभर कधी खाल्ले आहे का? चहा नव्हे हं, आणि एस.टी. स्टँडवर मुलासाठी घेतलेल्या वडापावातला उरलेला तुकडाही नव्हे. स्वतः जाऊन, स्वतःला हवे ते मागवून, एकटीने. मी मनाशी हिशेब केला तेव्हा वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत 'एकदाही नाही' असेच उत्तर आले. ते बदलले थेट जपानात, आणि तेही ज्या भावजयीची चौकशी करायला मी गेले होते तिच्यामुळेच.

चौकशी हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. माझे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे. धाकटा भाऊ सहा वर्षांपासून टोकियोत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. 2024 च्या दिवाळीत त्याने विमानाचे तिकीटच पाठवले. "ताई, सहा वर्षांची भाऊबीज साठलीय," म्हणाला. ह्यांनी "जाऊन ये" म्हटले, सासूबाईंनी लेकीचा डबा आपल्याकडे घेतला, आणि शाळेला दिवाळीची सुटी होतीच. निघण्याआधी साताऱ्याला आईला भेटायला गेले. आईने कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी, उडदाचे पापड असे सगळे बांधून दिले, आणि मग दार लोटून घेऊन खरे काम सांगितले.

"तिथं जरा नीट बघ. ही पोरगी घरात स्वयंपाक करते का नाही? पूजा झाली की आठ वाजता फोन करते मी. दोनदा फोन केला तर हा म्हणतो, ती हॉटेलात खायला गेलीय. एकटी! नवरा हापिसात नि ही हॉटेलात! आणि तिथं म्हणे सगळ्यात डुक्कर असतं."

मी "बघते" म्हणाले. खोटे कशाला बोलू? मलाही ते खटकतच होते. मुलगी एम.एस्सी. झालेली, साताऱ्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती, लग्न झाल्यावर नोकरी सोडून तिकडे गेली. आता एकच मूल, तेही शाळेत जाते. मग तीन माणसांचा स्वयंपाकसुद्धा हिला का जड व्हावा, असे नणंदेच्या मनात येणारच.

आमच्या भावाचे घर निशी-कासाईला आहे. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा नावाचा वॉर्ड आहे, त्यात हे ठिकाण येते. 2000 सालाच्या सुमारास कॉम्प्युटरच्या कामासाठी भारतातून बरीच मुले टोकियोला गेली. कचेऱ्यांच्या भागात थेट नेणारी तोझाई नावाची रेल्वे इथून जाते, म्हणून ती इथे राहिली, आणि बघता बघता आपल्या लोकांची वस्तीच झाली. तूरडाळ, कढीपत्ता, सगळे मिळते. 2019 मध्ये इथल्या वॉर्डाच्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते. स्टेशनावर उतरल्यावर मला दहा मिनिटांत दोनदा मराठी ऐकू आले. पण हे झाले स्टेशनापाशी. भावाच्या इमारतीत मात्र दोन्ही बाजूंना जपानी बिऱ्हाडे, आणि सारे इतके चिडीचूप की भांडे पडले तर आपणच दचकावे.

3 नोव्हेंबरला भाऊबीज झाली. पुढे दोन दिवस मी स्वयंपाकघराची हळूच तपासणी केली. डब्यात ज्वारीचे पीठ होते. फ्रिजमध्ये मोड आलेली मटकी होती. सकाळी सहाला उठून ती नवऱ्याचा डबा, मुलाचा डबा भरत होती, तोही पोळी-भाजीचा. भाऊ आठला बाहेर पडतो तो रात्री नऊला येतो. एवढे पाहून झाल्यावर आईला सांगण्यासारखे माझ्या हाती काहीच लागेना, आणि याचे मला (लिहिताना लाज वाटते) थोडे वाईटच वाटले.

मंगळवारी रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "ताई, उद्या बुधवार. बुधवारी मी रामेन खायला जाते. तुम्ही येता का? तुम्हाला नको असेल तर उद्या मीही जात नाही."

मी सावधपणे विचारले, "त्यात ते... डुकराचं असतं ना?"

"पुष्कळ ठिकाणी असतं. मी जाते तिथला रस्सा कोंबडीचा असतो. 'तोरी' म्हणजे कोंबडी, 'बुता' म्हणजे डुक्कर. इथं आल्यावर हे दोन शब्द मी आधी पाठ केले."

वार बुधवार होता, तेवढे एक बरे. सोमवार असता तर प्रश्नच नव्हता.

आता रामेन म्हणजे काय, ते सांगायला हवे. आपल्याला माहीत आहेत त्या पाकिटातल्या दोन मिनिटांच्या शेवया. त्या आपल्याकडे 1983 च्या सुमारास आल्या आणि पोरांच्या जिभेवर बसल्या. पण त्या म्हणजे रामेनचे धाकटे भावंड. मूळ पदार्थ चिनी लोकांबरोबर जपानच्या बंदरांत आला. टोकियोच्या आसाकुसा भागात 1910 मध्ये राइराइकेन नावाचे दुकान निघाले, तिथून त्याची खरी आवड लागली असे म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाचा तुटवडा होता आणि अमेरिकेतून गहू येत होता, तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यांवरचे हे गरम वाडगे लोकांचा आधार झाले. मोमोफुकु आंदो नावाच्या गृहस्थांनी ओसाकात अशाच एका गाडीपुढची लांबलचक रांग पाहिली होती. पुढे 1958 मध्ये घरामागच्या शेडमध्ये खटपट करून त्यांनी झटपट शेवया तयार केल्या, तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. शेवया टिकवायच्या कशा हे त्यांना सुचत नव्हते. बायको तेलात तेंपुरा, म्हणजे आपल्या भज्यांसारखे काही, तळत होती, ते पाहून त्यांना शेवया तळून वाळवायची कल्पना सुचली, अशी हकिकत सांगतात. पाकिटावर कोणाचे नाव आले, ते तुम्ही ओळखाल. त्या बायकोच्या आयुष्यावरून मात्र 2018 मध्ये जपानी टेलिव्हिजनवर एक मालिका झाली म्हणे, ऐकून बरे वाटले.

दुकानातले रामेन हे पाकिटापेक्षा आपल्या मिसळीच्या जवळचे. उसळ वेगळी, कट वेगळा, फरसाण वेगळे, आणि आयत्या वेळी सगळे एका ताटलीत, इथेही तसेच. वाडग्याच्या तळाशी आधी खारट अर्क घालतात, त्याला 'तारे' म्हणतात. तो कुठे सोया सॉसचा, कुठे नुसत्या मिठाचा, तर कुठे मिसोचा म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा. त्यावर तासन्‌तास उकळलेला रस्सा, मग उकडलेल्या शेवया, वर मांसाचे काप, अंडे, बांबूचे कोंब, कांद्याची पात, आणि शेवटी तर्रीसारखे तेल. गावोगावी रीत निराळी. उत्तरेला साप्पोरोत मिसोचे, दक्षिणेला हाकाताला डुकराच्या हाडांचे पांढरे. हाकाताकडच्या पद्धतीत शेवया संपल्या की नुसत्या शेवया पुन्हा मागता येतात, रस्सा मात्र उरवून ठेवायचा. आपल्याकडे मिसळीला रस्सा पुन्हा येतो, फरसाण नाही, त्याच्या हे बरोबर उलटे!

दुकान अकराला उघडते. आम्ही साडेदहाला पोचलो तर पुढे चौदा माणसे उभी. दुकान केवढे म्हणाल, तर आपल्या गल्लीतल्या इस्त्रीच्या दुकानाच्या दुप्पट. आत जेमतेम दहा स्टुले. रांगेत कोणी कोणाशी बोलत नव्हते. मी सवयीने म्हणाले, "तू उभी राहा, मी जरा पलीकडची दुकानं बघून येते." तर भावजय म्हणाली, "नाही ताई, इथं एकानं दुसऱ्यासाठी नंबर धरायचा नसतो. खाणाऱ्यानं स्वतः उभं राहायचं." मला गंमत वाटली. साताऱ्यात रॉकेलच्या रांगेत आईने पिशव्या ठेवून पाच घरांचे नंबर धरलेले मी लहानपणी पाहिले आहेत.

"आणि आत गेल्यावर," ती म्हणाली, "दोघींत एक नाही घेता यायचं. प्रत्येकाला एक वाडगा घ्यावाच लागतो."

"अगं, पण मला एवढं जाणार नाही!"

"जाईल," ती शांतपणे म्हणाली.

दाराशी एक यंत्र होते. त्यात पैसे घालायचे, हव्या त्या पदार्थाचे बटण दाबायचे, की चिठ्ठी खाली पडते. बटणांवर सगळे जपानी. कळत नसेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातले बटण दाबावे, दुकानाचा मुख्य पदार्थ बहुतेक तिथेच असतो, ही खूण तिने सांगितली. पैसे मी देणार म्हणून मी पाच हजार येनची नोट पुढे केली. यंत्राने जीभ दाखवावी तशी ती परत बाहेर काढली. पुन्हा घातली, पुन्हा परत. मागे रांग! घामच फुटला मला. ते यंत्र फक्त हजाराची नोट घेत होते, आणि तीसुद्धा जुनी. जुलै 2024 मध्ये जपानने नव्या नोटा काढल्या, आणि अशा कित्येक लहान दुकानांची यंत्रे त्या ओळखेनात. भावजयीने पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून जुन्या हजाराच्या दोन नोटा काढल्या. बुधवारसाठी ती त्या जपून ठेवते. एका वाडग्याला 980 येन, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेपाचशे रुपयांच्या आसपास. ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

"आणि तुमची ती नोट सांभाळून ठेवा," ती म्हणाली. "त्यावर मास्तरीणबाई आहेत."

खरेच होते. नव्या पाच हजारांच्या नोटेवर त्सुदा उमेको यांचे चित्र आहे. सरकारने 1871 मध्ये अमेरिकेला शिकायला पाठवलेल्या मुलींत त्या सर्वांत लहान, अवघ्या सहा वर्षांच्या. मोठेपणी परत येऊन 1900 मध्ये त्यांनी टोकियोत मुलींसाठी शाळा काढली. सावित्रीबाईंचे नायगाव आमच्याच सातारा जिल्ह्यातले, त्यामुळे ही नोट मी मोडलीच नाही. घरी आणून शाळेतल्या मुलींना दाखवली.

पाऊण तासाने आत गेलो. आत जाताच दोघे-तिघे एकदम ओरडले, "इराश्शाइमासे!" या, या, असे. आणि मग माझी खरी परीक्षा आली. एक स्टूल या टोकाला रिकामे झाले, एक त्या टोकाला. भावजय त्या टोकाला गेली. मी या टोकाला, कोट घातलेल्या दोन पुरुषांच्या मध्ये.

तुम्हाला आठवत असेल, पूर्वी आपल्याकडे हॉटेलांत 'फॅमिली रूम' अशी पाटी असायची. मळकट पडदा, आत एक टेबल. वडील आम्हाला तिथेच नेत. आई पडद्याकडे पाठ करून बसे आणि घाईघाईने खाई. पडदे गेले, पण सवय माझ्या पाठीत तशीच होती. सांगलीत शाळेच्या वाटेवर एक मिसळीचे दुकान आहे. नऊ वर्षे मी त्यावरून जाते. दोन तासांच्या मध्ये मला चाळीस मिनिटे मोकळी असतात. कटाचा वास रस्त्यापर्यंत येतो. एकदाही एकटी आत गेले नाही. कोणी अडवले आहे असेही नाही.

पिशवी ठेवायला स्टुलाखाली टोपली होती. समोर एका पेल्यात केस बांधायची रबरे ठेवलेली, केस वाडग्यात पडू नयेत म्हणून. हे पाहून मला एकदम धीर आला. म्हणजे बायका इथे येतात, आणि येतील हे दुकानाने धरलेले आहे. आचारी अगदी पुढ्यातच काम करत होता. त्याने जाळीच्या चाळणीतून शेवया वर काढल्या आणि दोन-तीन जोरदार झटके देऊन पाणी निथळले. वाडगा समोरच्या उंच फळीवर ठेवला, तो आपणच दोन्ही हातांनी खाली घ्यायचा.

पांढराशुभ्र रस्सा! आपला पांढरा रस्साच जणू, फक्त खोबरे-तिळाऐवजी कोंबडीची हाडे दुधासारखी होईपर्यंत उकळलेली. शेवया पिवळ्या. मी सांगलीची, त्यामुळे पिवळे दिसले की आधी हळद आठवते. पण हळद नव्हती. नंतर भावजयीने, म्हणजे तिच्यातल्या रसायनशास्त्राच्या बाईने, समजावले. या शेवयांच्या पिठात 'कान्सुइ' नावाचा खार घालतात, तो आपल्या पापडखाराच्याच जातीचा. खाराने गव्हाचे पीठ पिवळट होते आणि शेवईला चिवटपणा येतो, गरम रश्शात ती लगेच गळत नाही. उडदाच्या पापडात आपण वर्षानुवर्षे खार घालत आलो, आणि इथे ते शास्त्र मला कोंबडीच्या रश्शापाशी कळले.

वाडगा पुढे आला आणि माझा हात थांबला. मी मान वळवून बघत होते. काय बघत होते, ते दोन क्षणांनी माझ्या लक्षात आले. अजून कोणाला वाढायचे राहिले आहे, ते! भावजयीला मिळाले का? तिला अर्धे अंडे द्यावे का? डाव्या हाताच्या गृहस्थांचा पेला रिकामा होता, तर माझा हात पाण्याच्या जगकडे निघालासुद्धा. भावजय त्या टोकाला खाली मान घालून खात होती. माझ्यावाचून कोणाचेच काही अडले नव्हते.

मग मी खाऊ लागले. काड्यांनी जमेना. आचाऱ्याने काही न बोलता एक काटा आणून ठेवला. दोन्ही हत्यारे घेऊन मी लढले. शेजारचे गृहस्थ सुर्रकन आवाज करून शेवया ओढत होते. तिथे त्यात काही वावगे नाही, उलट गरम शेवया तशाच खायच्या असतात. आपल्याकडेही आमटीचा भुरका असतो, पण तो मारतात कोण? आमचे मामंजी मारत. मी लग्नानंतर एकदा मारला होता, तर वरच्या माळ्यावरचे मांजर पडल्यासारखे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले होते. इथे मी इकडेतिकडे पाहिले आणि मारला भुरका. कोणी पाहिले नाही.

जीभ भाजली, मैत्रिणींनो. चांगलीच भाजली. आणि भाजल्यावर आठवेना की याआधी जेवताना माझी जीभ कधी भाजली होती. तव्यावरची भाकरी आधी ह्यांच्या ताटात, मग लेकीच्या, मग सासूबाईंच्या. मी बसते तेव्हा भाजी कोमट असते आणि मला ती कोमटच आवडते असे मी सगळ्यांना सांगत आले आहे. ते खरेच आहे असेही मला वाटत होते. यात घरच्यांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. ह्यांनी कितीदा "तूही बस" म्हटले आहे. मीच "तुम्ही घ्या, मी आलेच" म्हणते. त्या दिवशी मात्र "मी आलेच" म्हणायला समोर कोणीच नव्हते.

वाडगा पूर्ण संपला. शेवटचा थोडा रस्सा खारट म्हणून ठेवला, ते चालते. काचेबाहेर माणसे थांबली होती, तिथे खाऊन झाल्यावर रेंगाळायचे नसते. वाडगा उचलून फळीवर ठेवला, पुढ्यातली जागा पुसली आणि भावजयीने शिकवलेले "गोचिसोसामा देशिता" म्हटले. तृप्त झाले, आभारी आहे, असे काहीसे. आचाऱ्याने मान लववली. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत वीस मिनिटेसुद्धा लागली नसतील.

तिथून आम्ही जवळच्या बागेत जाऊन बसलो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, आईंनी तुम्हाला विचारायला सांगितलंय ना? माझ्या खाण्याचं?"

मी काय बोलणार? गप्प राहिले.

"पहिल्या वर्षी बाळ लहान होतं," ती सांगू लागली. "हे सकाळी जायचे ते रात्री यायचे. एकदा माझ्या लक्षात आलं, तीन दिवस झाले, मोठ्या माणसाशी मी तोंडानं बोललेच नाही. रात्री हे यायचे तेव्हा मला झोप लागलेली असायची. मग बाळ शाळेत जायला लागल्यावर एक दिवस या रांगेत उभी राहिले, वास आला म्हणून. काही येत नव्हतं. एकच शब्द म्हणाले, 'ओनेगाइशिमासु.' कृपा करून द्या, असा. ते म्हणाले, 'हाय.' म्हणजे हो. बस्स, एवढंच बोलणं. पुढच्या बुधवारी पुन्हा गेले. त्यांनी विचारलं, शेवया कशा? मी म्हणाले, 'कातामे,' जरा कडक. चौथ्या बुधवारी त्यांनी विचारलंच नाही, कडकच करून दिल्या." ती थांबली. "ताई, इथं बाळाची आई, ह्यांची बायको म्हणून मला सगळे ओळखतात. कडक शेवयावाली म्हणून तेवढंच एक दुकान ओळखतं."

दोन वर्षांपासून ती जपानी भाषेचा वर्ग करते आहे हे मला तेव्हा कळले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना परवानगी काढून आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येते. भाषा जमली की कुठे तरी शिकवायचे, असे तिच्या मनात आहे. हे तिने साताऱ्याला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. आमचे फोन कसे असतात? जेवलीस का, बाळ काय करतोय, तो कुठे आहे, दे त्याच्याकडे.

पुढच्या रविवारी भावाने योकोहामाचे रामेनचे संग्रहालय दाखवले. 1994 मध्ये उघडलेले, आत 1958 सालची गल्ली हुबेहूब उभी केली आहे, दिवेलागणीच्या वेळेची. छान आहे. तुमच्यापैकी कोणी गेलात आणि शाकाहारी असाल तर टोकियो स्टेशनाच्या फाटकाच्या आतच टीज तानतान म्हणून पूर्ण शाकाहारी रामेनचे दुकान आहे, तिथे निर्धास्त जा. बाकी ठिकाणी भाज्यांचे दिसले तरी रस्सा हाडांचा किंवा मासळीचा असतो, विचारल्याशिवाय खाऊ नका.

परत आल्यावर साताऱ्याला गेले. आईने पाणी द्यायच्या आधी विचारले, "काय गं, करते का घरात काही?"

मी सगळे सांगितले. सकाळी सहाचे डबे, मोडाची मटकी, तीन दिवसांचे न बोलणे, कडक शेवया. आई पापडाच्या डब्याचे झाकण उघडझाप करत ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "तू पण खाल्लंस? एकटीनं बसून?" आणि मग जरा वेळाने, "गरम होतं?"

डिसेंबरात गुडघे दाखवायला आई आमच्याकडे सांगलीला आली, तेव्हा मी घरी करून पाहिले. करायचे असेल तर सांगते. अर्धा किलो कोंबडीची हाडे आले-लसूण आणि कांद्याची पात घालून मोठ्या आचेवर तीन तास उकळा, पाणी कमी पडेल तसे घालत राहा. गाळून त्यात सोया सॉस आणि चवीपुरते मीठ. शेवयांना आपल्याकडे तो खार कुठला? भावजयीने फोनवर युक्ती सांगितली. बारीक स्पॅगेटी आणायची आणि लिटरभर उकळत्या पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात ती शिजवायची. पातेले मोठे घ्या, सोडा पडताच पाणी फसफसून वर येते. स्पॅगेटी पिवळी पडते आणि चिवट होते, अगदी तशीच. निथळून वाडग्यात, वरून रस्सा, अर्धे अंडे, कांद्याची पात. आम्हाला वरून चमचाभर कांदा-लसूण मसाल्याचे तेल लागतेच. जपान्यांनी क्षमा करावी.

पहिला वाडगा मी आईपुढे ठेवला. दुपारची वेळ, लेक शाळेतून यायची होती, हे बँकेत.

"पोरगी येऊ दे की," आई म्हणाली.

"तिचं तिला नंतर. हे थांबलं की शेवया फुगतात. खा तू."

"तू बस मग."

"माझं होतंय अजून. तू सुरू कर."

आई वाडग्याकडे बघत राहिली. मग दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. चमच्याने रस्सा घेतला, फुंकर मारली, तरी भाजला. दुसरा घेतला. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते, तर मागून भुरक्याचा आवाज आला.

"मीठ जरा कमी पडलंय," आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तिचा फोन नंबर लावून दे. बुधवार आहे आज. आली असेल नव्हं घरी?"